खापरावरची फेक

"पुन्हा टाक," मी म्हणालो.

वैजूनं चेंडू टाकला. दिसायला फार देखणी फेक होती. डावा पाय नेमका समोर, कोपर खांद्याच्या रेषेत, मनगट सगळ्यांत शेवटी सैल सुटलेलं. चित्र काढून ठेवावं अशी. फक्त चेंडू काही पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या नलूपर्यंत पोचला नाही. चार हात अलीकडेच पडला आणि घरंगळत जाऊन तिच्या कॅनव्हासच्या बुटाला टेकला.

"सर, हा चेंडू उपाशी निघालाय," नलू ओरडली. "वाटेतच चक्कर येते त्याला."

सगळ्या मुली हसल्या. वैजू हसली नाही. तिनं डाव्या तळव्यात उजवा कोपर धरला, आणि मी पाहतोय हे लक्षात येताच चटकन सोडून दिला.

"दुखतोय?"

"नाही सर."

"खरं सांग."

"थोडासा. पण आईला सांगू नका."

आईला सांगायची वेळ आली नाही, कारण दुसऱ्या दिवशी आई स्वतःच शाळेत आली. पण त्याआधी मी त्या मैदानावर काय करत होतो ते सांगायला हवं. मला ओळखणाऱ्या कुणालाही ते आजही खरं वाटत नाही. कधीकधी मलाही वाटत नाही.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, मुलींच्या शाळेत, मी मराठी आणि संस्कृत शिकवत असे आणि उरलेल्या वेळात वाचनालय सांभाळत असे. माणसांपेक्षा पुस्तकांशी माझं बरं जमे. पुस्तकं आपल्याकडे उलटून बघत नाहीत. त्या वर्षी आमच्या खेळाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिका झोपे बाईंनी मला बोलावून घेतलं.

"अत्तरदे सर, सॉफ्टबॉलच्या मुली तुम्ही बघा."

"मी? बाई, मला कुणी किल्ली फेकली तरी झेलता येत नाही."

"मग झेलू नका. नुसतं शिकवा."

"पण मला खेळातलं काहीच..."

"पुस्तक आहे ना! ते अमेरिकेच्या पेटीतलं. इंग्रजीत आहे म्हणून कुणी हात लावत नाही. तुम्ही वाचा आणि मुलींना सांगा. तुमचं कामच ते."

झोपे बाईंचं आडनाव झोपे असलं तरी त्यांना डुलकी घेताना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यापुढे नाही म्हणणं मला जमलं नाही. तसं ते मला कुणापुढेच जमत नसे.

पुस्तक अजब होतं. गावातून अमेरिकेत गेलेल्या एका डॉक्टरांनी शाळेला पुस्तकांची पेटी पाठवली होती, त्यातलं. अख्ख्या पुस्तकाचा विषय एकच: चेंडू कसा फेकावा. एक तर बेसबॉल खेळणाऱ्यांनी, आणि दुसरं म्हणजे त्यांच्याकडच्या फुटबॉलातल्या मुख्य फेक्यानं. जो चेंडू हातानं फेकतात त्या खेळाला फुटबॉल का म्हणायचं हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण त्या फेक्याबद्दल, क्वार्टरबॅक म्हणतात त्याला, मला फार सहानुभूती वाटली. चारी बाजूंनी धटिंगण अंगावर धावून येताहेत आणि ह्यानं मध्ये उभं राहून शांतपणे चेंडू लांबवर पोचवायचा. सातवी 'क'च्या वर्गात माझी हीच अवस्था असे.

पुस्तकाचं म्हणणं सोपं होतं. फेक हातानं होत नसते. जोर जमिनीतून पायात येतो, पायातून कमरेत, तिथून पाठीत, मग खांदा, कोपर, मनगट. आग विझवताना लोक रांगेत उभे राहून बादली हातोहात पुढे देतात ना, तसं. प्रत्येकानं आधीच्याकडून घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. रांगेतला एक जण जरी हात बांधून उभा राहिला, तर पुढच्याला विहिरीपर्यंत पळावं लागतं.

तिसरं प्रकरण सबंध कमरेचं होतं. कंबर आधी वळते, हात मागून येतो. फेकणाऱ्याच्या कमरेभोवती गोल गोल बाण काढलेले होते आणि खाली ताकीद होती, की ज्याची कंबर वळत नाही त्याच्या कोपराला दुप्पट राबावं लागतं.

ते प्रकरण मी गाळलं.

आता वाचणाऱ्यांना हसू येईल. पण ऐंशी-एक्क्याऐंशीचा काळ, कन्याशाळा, मैदानाच्या कुंपणाला टेकून उभी असलेली गावातली रिकामटेकडी मंडळी, आणि मी! पंधरा मुलींसमोर उभं राहून मी "कंबर फिरवा" म्हणायचं? दहावीला संस्कृत शिकवताना नायिकेच्या कटीचं वर्णन मी न अडखळता करत असे. संस्कृतात सगळं सभ्य असतं. मराठीत तो शब्द माझ्या घशातच बसून राही. म्हणून मी फळ्यावर लिहिलं: पाय, पाठ, खांदा, कोपर, मनगट. मुलींनी ते मन लावून पाठ केलं, आणि सगळ्यांत मन लावून वैजूनं केलं.

वैजयंता भोळे. नववीत होती. हसली की दोन्ही गालांवर मावणार नाही असं हसणारी. ती तिसऱ्या बेसवर खेळे. ही जागा पहिल्या बेसपासून सगळ्यांत लांब, मैदानाच्या पार दुसऱ्या कोपऱ्याला. चेंडू जमिनीवरून तिच्याकडे आला, की तो उचलून आडव्या मैदानातून नलूकडे पोचवायचा, तोही मारणारी मुलगी धावत नलूपाशी पोचायच्या आत. संघात तिच्याइतके लख्ख डोळे आणि तिच्याइतके चपळ पाय कुणाचे नव्हते.

तिच्या आई द्वारकाबाई ऑफिसात आल्या तेव्हा झोपे बाई समोर होत्या आणि मी कपाटाशी उभा होतो. द्वारकाबाई लग्नाकार्याला पुरणाचे मांडे करून देत. त्यांच्या हातच्या मांड्यांवाचून आमच्या भागातलं लग्न लागत नसे.

"सर, पोरीचा कोपर पाह्यला का तुम्ही?" त्या म्हणाल्या. "टमाट्यासारखा झाला. लगनसराई तोंडावर आली. मी एकटी किती मांडे टाकू?"

"मी... मी मलम सुचवतो," मी म्हणालो.

"मलम मले ठाऊक आहे. हात कायले सुजला ते सांगा."

मी कपाटातल्या पुस्तकांकडे पाहिलं. त्यांनीही काही सांगितलं नाही.

"हे पाहा," द्वारकाबाई जरा नरमल्या, "खेळाले मी नाही म्हनत नाही. खेळून येते तं पोरीचं तोंड कसं फुललेलं असते, मले दिसते ना. पन हात गेला तं काय करू? शनवारी तुमची मॅच आहे म्हने. मी येते तिथं. एकडाव जरी तिनं कोपर धरला, तं तिथूनच तिले घरी नेते. मंग खेळ बंद. कायमचा."

"ठरलं," झोपे बाई म्हणाल्या. माझ्या वतीनं त्या नेहमीच असं ठरवून टाकत.

बाहेर व्हरांड्यात वैजू खांबाला चिकटून उभी होती. सगळं ऐकलेलं असणार.

"सर, माझं चुकतं कुठं?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगता तस्संच करते ना मी?"

"हो," मी म्हणालो. "अगदी तस्संच करतेस."

संध्याकाळी घरी पुस्तक उघडून बसलो. माझी बायको कुमुद दाण्यांचं कूट करता करता डोकावली. तिला इंग्रजी येत नसे, पण चित्रं इंग्रजीत नव्हती.

"ह्या बाबाच्या कमरेभोवती एवढे बाण कशाला?"

"तिथून फेकीला जोर येतो."

"मग मुलींना सांगितलंत?"

मी पान उलटलं.

"अहो, सांगितलंत का?"

"तो भाग सध्या बाजूला ठेवलाय."

कुमुद आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला हसू फुटलं, इतकं की कुटाचं ताट खाली ठेवावं लागलं. "अगं बाई! म्हणजे पोरींचे हात तुमच्या लाजेपायी दुखताहेत? बरं, मला सांगून बघा. समजा, मी नववीतली मुलगी. बोला."

"कुमुद, हे काय..."

"बोला! काय फिरवायचं?"

"कं..."

"हं, आलं आलं. पुढं?"

"कणीक मळून झाली का?" मी विचारलं.

ती पदर तोंडावर घेऊन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिथून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज एकत्र येत होता.

पण मी प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर घसा साफ केला आणि आकाशाकडे पाहत म्हणालो, "मुलींनो, फेकताना हात वळण्यापूर्वी, काय करायचं, तर, कटिप्रदेश वळू द्यायचा."

मग नलूनं हात वर केला.

"सर, हा प्रदेश कुठल्या जिल्ह्यात येतो?"

मुली खो खो हसत सुटल्या. कुंपणापलीकडूनही कुणी तरी हसलं. मी "असू दे, असू दे" म्हणालो आणि त्या दिवशी नुसता झेलण्याचा सराव करायला लावला. वैजूला मी बसवूनच ठेवलं होतं. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून दुसऱ्यांचे झेल पाहत होती, मुदपाकखान्याबाहेर बसवलेल्या भुकेल्या माणसासारखी.

शाळा सुटल्यावर मलमाची ट्यूब घेऊन भोळ्यांच्या घरी गेलो. अंगणात मोठ्या ऑर्डरीसाठी उंच चूल मांडलेली होती, तिच्यावर मातीचं पालथं खापर तापत होतं. पुरणाचा आणि जायफळाचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता. द्वारकाबाईंनी मला खुर्ची दिली, हातात मांड्याची घडी आणि दुधाची वाटी दिली, आणि त्या कामाला लागल्या. ज्यांनी मांडा करताना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुरण भरलेली पोळी पोळपाटावर थोडी लाटतात, मग उचलून दोन्ही हातांवर झुलवत झुलवत वाढवतात. ती रुमालाएवढी होते, मग उपरण्याएवढी, पार कोपरापर्यंत लोंबू लागते, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसावा. आणि मग एका झटक्यात ती खापरावर टाकायची. घडी पडली की फाटली.

"आई, एक मी टाकू?" वैजू म्हणाली.

"हात दुखते ना तुहा?"

"एकच."

द्वारकाबाईंनी तिच्या हातांवर पोळी दिली. वैजू झुलवू लागली आणि मी दुधाची वाटी तोंडाशी तशीच धरून राहिलो. तिचा भार मागच्या पायावर गेला, पुढच्या पायावर आला. कंबर वळली. कमरेमागून पाठ, पाठीमागून खांदे, आणि हात तर अगदी शेवटी, जणू त्यांना उशिरा आठवण झाली. मांडा हवेत पसरला आणि सुरकुती न पडता खापरावर बसला. पुस्तकातले सगळे बाण त्या पोरीच्या अंगात होते. मैदानावर तेवढे ती घरी ठेवून येत होती, मी तसं शिकवलं होतं म्हणून.

"दुखला?" आईनं विचारलं.

वैजूनं कोपर हलवून पाहिला. "नाही!" तिचं तिलाच नवल वाटलं.

"कायले दुखन? मांडा काय हातानं टाकतात? मांडा कमरेनं टाकतात. तुले पह्यल्या दिवशी हेच सांगतलं होतं ना मी? कंबर पह्यले. हात हमाल आहे, कमरेनं दिलं ते न्यायचं."

किती सहज म्हणाल्या! अंगणात, परक्या पुरुषासमोर, पीठ झटकता झटकता.

"वैजू," मी वाटी खाली ठेवून म्हणालो, "उद्या चेंडू टाकूच नकोस."

तिचा चेहरा पडला.

"मांडा टाक. नलू म्हणजे खापर."

शुक्रवारी मैदानावर वैजूनं चेंडू उचलला, क्षणभर दोन्ही पायांवर झुलली आणि टाकला. फाट् असा आवाज झाला. नलू हातमोजा काढून तळवा फुंकत नाचत होती.

"सर! आज जेवून आला चेंडू! भरपेट जेवून आला!"

मग सगळ्यांनाच मांडे टाकायचे होते. ज्यांच्या घरी मांडे होत नसत त्याही हवेत पोळ्या झुलवू लागल्या. मी "मांडा!" म्हणून ओरडायचं आणि त्यांनी फेकायचं. आणि मी मनातून खूश होतो, कारण तो शब्द न उच्चारता माझं काम भागलं होतं.

शनिवारी टेम्पो करून आम्ही जिल्ह्याच्या गावी गेलो. द्वारकाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर डबा घेऊन. मैदानावर त्यांनी तिसऱ्या बेसच्या जवळच सतरंजी पसरली आणि तिथून त्यांची नजर पोरीच्या कोपरावरून हलली नाही.

खेळ छान चालला होता. वैजूकडे चेंडू आला की मी "मांडा!" ओरडे, ती झुले आणि नलूच्या हातमोज्यातून फाट् आवाज येई. द्वारकाबाई एकदा तर चक्क हसल्या. पण यजमान शाळेच्या मुली मैदानाच्या कडेनं रांगा धरून बसल्या होत्या आणि त्यांना माझं ओरडणं ऐकू जात होतं. आधी एक खुसखुसली. मग दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, "तूप घालू का, तूप?" थोड्याच वेळात सगळ्या रांगेनं ताल धरला.

"मांडेवाली, तूप वाढ! मांडेवाली, तूप वाढ!"

खेळातली थट्टा ती. आमच्या मुलीही काही कमी नव्हत्या. पण वैजूनं एकदा सतरंजीकडे पाहिलं, जिथं तिची आई मांड्यांचा डबा जवळ घेऊन बसली होती, आणि तिचे कान लाल झाले.

शेवटचा डाव. आम्ही दोन धावांनी पुढं होतो. त्यांच्या दोघी बाद झाल्या होत्या, आणखी एक बाद झाली की सामना आमचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांच्या मुली पळायला टपलेल्या. चेंडू जमिनीवरून थेट वैजूकडे आला.

"मांडा!" मी ओरडलो.

"तूप वाढ!" रांग ओरडली.

वैजूनं चेंडू उचलला आणि ताठ उभी राहून नुसत्या हातानं टाकला. तोच पूर्वीचा देखणा, उपाशी चेंडू. नलूच्या अलीकडे पडला. त्यांची एक धाव झाली. मारणारी पहिल्या बेसवर आणि दुसरी एक तिसऱ्यावर पोचली. आता आम्ही एकाच धावेनं पुढं होतो. वैजूचा डावा हात उजव्या कोपराकडे निघाला, मध्येच थांबला आणि तिनं तो स्कर्टला पुसला.

द्वारकाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. सतरंजीचं एक टोक उचललं.

पोर अवघडली होती. बाकी मला खेळातलं काही कळत नसेल, पण अवघडलेलं माणूस मला मैलावरून ओळखता येतं. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटलं की अंगाचा मधला भाग आधी दगड होतो. मी उभा जन्म तसा काढला होता. आता "मांडा" म्हणून ओरडणं म्हणजे तिला पुन्हा त्या रांगेच्या तोंडी देणं होतं. आणि न ओरडावं तर ती हातानंच टाकणार.

त्यांची पुढची मुलगी बॅट घेऊन उभी राहिली. मी चुन्याच्या रेषेपर्यंत गेलो. माझे पाय कसे गेले मला माहीत नाही.

"वैजू!"

तिनं पाहिलं. रांगेनंही पाहिलं. पंचांनी, झोपे बाईंनी, यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांनी, सगळ्यांनी पाहिलं.

"कंबर!" मी ओरडलो.

आवाज फुटला माझा.

"कंबर आधी, वैजू! कंबर फिरव! कंबर! अशी!"

आणि तिला नीट समजावं म्हणून मी करून दाखवलं. धोतर नव्हतं हे नशीब. पँट-शर्टात, चष्मा सावरत, दोन्ही हात हवेत झुलवून मी कंबर उजवीकडे नेली आणि जोरात डावीकडे फिरवली. मग पुन्हा एकदा. अख्ख्या आयुष्यात मी असं काही केलं नव्हतं, वरातीतसुद्धा नाही.

असा हशा मी परत कधी ऐकला नाही. रांग आडवी पडली. कुणी शिट्टी मारली. पंच पाठमोरे झाले आणि त्यांचे खांदे हलत होते. "सर, आणखी एकदा!" असं दोन्ही बाजूंच्या मुली ओरडू लागल्या. तूप वाढण्याची कुणाला आठवणही राहिली नाही. मी वैजूकडे पाहिलं. तीही हसत होती, दोन्ही गालांवर न मावणारं ते हसू, आणि हसता हसता तिचे खांदे खाली आले, गुडघे सैल झाले.

चेंडू आला. सरपटत, उसळत, तिच्या डाव्या हाताला. तिनं तो उचलला, झुलली आणि टाकला.

फाट्.

पंचांचा हात वर गेला. त्यांची मुलगी अजून बेसपासून दोन ढांगांवर होती.

सगळा संघ किंकाळ्या मारत माझ्याकडे धावत आला. मी जागचा हललो नाही. हलताच येईना. मी दुसऱ्यांदा कंबर जिथं फिरवली होती तिथंच, अर्धा डावीकडे वळलेला, हात हवेत, तसाच अडकलो होतो.

"सर, फोटोसाठी थांबलात का?" एकीनं विचारलं.

"काय झालं सर?" झोपे बाई घाईनं आल्या. "कुठं दुखतंय?"

"कंबर," मी म्हणालो. "कंबर धरलीय, बाई."

"म्हणजे तो कटिप्रदेश का सर?" नलू म्हणाली.

मला हसायचं होतं, पण हसलं की कळ येत होती.

द्वारकाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. आधी त्यांनी वैजूचा हात धरला, बाही वर केली, कोपर दाबून पाहिला, वाकवला, सरळ केला. वैजू श्वास रोखून उभी होती. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोपर चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पोरगी येईन पुढच्या मॅचले. तुम्ही मातर चार दिवस घरी पडा, सर."

टेम्पोत मला सतरंजीवर आडवं घातलं. वाटभर मुली गात होत्या आणि डब्यातले मांडे फिरत होते. मला तर नलूनं भरवले. आमच्या गल्लीत टेम्पो शिरला तेव्हा दिवेलागण व्हायची होती आणि लोक ओट्यांवर बसलेले होते. चौघींनी मला धरून उतरवलं. कुमुद दारात आली आणि तिच्या हातातलं भांडं खाली पडता पडता राहिलं.

"अगं बाई, काय झालं ह्यांना?"

मुलींनी एकदम तोंड उघडलं. पण कुमुदनं त्यांच्या चेहऱ्यांवरचं हसू पाहिलं, माझं वाकडं ध्यान पाहिलं, आणि तिच्या काही तरी ध्यानात आलं असावं. तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"थांबा गं. त्यांनाच सांगू द्या."

गल्ली ऐकत होती. मी सांगितलं.